डर्मोस्कोपी आणि क्वचित दिसणारे त्वचारोग: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी त्वचारोगाची ओपीडी चालवताना रुग्ण, त्यांचे नातेवाईक, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. गजकर्ण, खरूज, पुरळ हे रोजचे आजार बहुतेकांना ओळखता येतात. अडचण होते ती क्वचित समोर येणाऱ्या आजारांची. ते ओळखले जात नाहीत, रुग्ण वर्षानुवर्षं कुठलंतरी मलम चोळत राहतो आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत मजुरी बुडते ती वेगळीच. अशा वेळी डर्मोस्कोप कितपत कामी येतो आणि कुठे त्याच्यावर विसंबू नये, हे दोन्ही नीट कळायला हवं.

डर्मोस्कोप म्हणजे भिंगच ना?

भिंग आहेच, साधारण १० पट मोठं दाखवणारं. पण खरं काम उजेडाचं आहे. त्वचेवर पडलेल्या उजेडातला बराचसा सगळ्यात वरच्या कोरड्या थरावरून परत फिरतो आणि त्या चकाकीमुळे खालचं काही दिसत नाही. भर उन्हात तळ्याचा तळ दिसत नाही, पण पाण्यावर सावली धरली की दिसतो, तसंच हे. चकाकी घालवायचे दोन मार्ग आहेत. त्वचेवर जेल, तेल किंवा स्पिरिटचा थेंब टाकून काच टेकवायची, नाहीतर पोलराइज्ड, म्हणजे चकाकी गाळून टाकणारा उजेड वापरायचा. दुसऱ्या पद्धतीत काच टेकवावीच लागते असं नाही. मग बाह्यत्वचा, तिच्याखालचा सांधा आणि अंतस्त्वचेचा वरचा भाग दिसू लागतो. रंगाची जाळी, बारीक रक्तवाहिन्या, केसांची आणि घामाची छिद्रं वेगवेगळी ओळखता येतात. चांगल्या यंत्रात दोन्ही प्रकारचा उजेड बटणावर बदलता येतो. तो बदलून पाहावाच, कारण काही खुणा एकातच उठून दिसतात.

कल्पना काही नवीन नाही. योहान साफियर या त्वचारोगतज्ज्ञाने १९२० मध्येच या तपासणीवर लिहिलं होतं. नवीन आहे ते तिचं खिशात मावणं आणि मोबाईलला जोडता येणं.

तपासताना दुखतं का? गरोदर बाईला चालतं का?

दुखत नाही. सुई नाही, शॉक नाही, एक्स-रेसारखे किरणही नाहीत. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारी माणसं, सगळ्यांना चालतं. एक गोष्ट मात्र विचारायला संकोच करू नका: आधीच्या रुग्णानंतर काच स्पिरिटने पुसली का? चिघळलेल्या जागेवर किंवा खरुजेवर काच न टेकवता, थोडं वरून पाहणं चांगलं.

आत पाहून डॉक्टरांना नेमकं काय कळतं?

पहिल्यांदा रंग. आपल्या त्वचेतलं रंगद्रव्य एकच, मेलॅनिन, पण ते किती खोल आहे त्यावर त्याचा दिसणारा रंग ठरतो. सगळ्यात वरच्या थरात असेल तर काळं, बाह्यत्वचेत तपकिरी, अंतस्त्वचेच्या वरच्या भागात राखाडी, आणखी खोल असेल तर निळं. याचा पुरावा आपल्याकडे घरोघरी आहे. गोंड, कोरकू, कोलाम बायकांच्या हातापायांवरचं जुनं गोंदण पाहा. भरताना वापरलेली काजळी काळी असते, पण ती खोल बसल्यावर वरून निळसर-हिरवट दिसते. डाग तपकिरी आहे की निळा, एवढ्यावरून तो वरवरचा आहे की खोल, हे सांगता येतं. मलमाने जाण्यासारखा आहे की नाही, याचाही अंदाज तिथेच येतो.

दुसरं म्हणजे रक्तवाहिन्या. त्या ठिपक्यांसारख्या आहेत, सरळ आहेत की फांद्या फुटलेल्या, आणि सगळीकडे आहेत की एकाच कडेला गोळा झाल्या आहेत? तिसरं, खपली कुठे आहे आणि कुठल्या रंगाची. चौथं, केसांची आणि घामाची छिद्रं शाबूत आहेत की पुसली गेली. या चारांची सांगड घालून मनातली यादी लहान होते. दहा शक्यता होत्या तिथे दोन-तीन उरतात. यंत्राचं काम एवढंच, आणि मोठी लॅब दूर असलेल्या ठिकाणी हे एवढंही फार मोलाचं असतं.

पुस्तकात लाल दिसतं, आमच्या रुग्णात तपकिरी. आमचं चुकतं का?

हा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांचा आणि तो अगदी रास्त आहे. बहुतेक पुस्तकांतली चित्रं गोऱ्या कातडीवरची आहेत. उन्हात राबलेल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असतं आणि त्याच्याआड रक्तवाहिन्या झाकल्या जातात. जिथे पुस्तक लाल ठिपके सांगतं, तिथे आपल्याला करडी-तपकिरी छटा दिसते. रंगाची जाळी तर निरोगी कातडीतसुद्धा दिसते, तिला रोग समजू नये. म्हणून नेहमी डागाशेजारची चांगली कातडी आधी पाहावी, मग डाग. दुसरी सवय हात हलका ठेवण्याची. काच दाबली की रक्त मागे सरतं आणि असलेल्या रक्तवाहिन्याही दिसेनाशा होतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्या रंगाच्या कातडीवर बरंच काम केलं आहे. शिकताना ती चित्रं शोधा.

गजकर्ण म्हणून दोन वर्षं मलम लावतोय, जात नाही. ते दुसरंच काही असू शकतं?

असू शकतं. पण आधी मलमाचं बोलू. मेडिकलमध्ये मागितल्याबरोबर मिळणाऱ्या पुष्कळ मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी आतल्या आत पसरते. तिचा गोल, लालसर काठ पुसला जातो आणि डाग ओळखू येईनासा होतो. अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती काउंटरवरून हातोहात जातात. मला याचा मनापासून संताप येतो, कारण भोगतो तो रुग्ण.

आता दुसऱ्या शक्यतेकडे. पोरोकेरॅटोसिस नावाचा एक आजार आहे. हातापायांवर गोल चकत्या, कडा किंचित उचललेली, मधला भाग बसका. लांबून हुबेहूब गजकर्ण. खाज मात्र बेताची किंवा अजिबात नाही, आणि चकती महिन्यांत नव्हे तर वर्षांत वाढते. डर्मोस्कोपखाली तिची कडा पाहिली की शंका जवळजवळ फिटते. बुरशीच्या काठावर खपल्या विस्कटलेल्या असतात. इथे चकतीभोवती पांढरी किंवा तपकिरी, एकसलग, बारीक दुहेरी रेघ फिरते, दोन काठांच्या मधोमध चर असल्यासारखी.

रेघ नीट दिसत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. आरोग्य केंद्रात जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट असतंच. ते चकतीवर लावायचं आणि लगेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. बाकी सगळं निघतं, चरीत मात्र जांभळा रंग अडकून राहतो आणि पूर्ण वर्तुळ उमटतं. यंत्र नसलेल्या डॉक्टरलाही हे करता येतं. निदान पक्कं करायला बायोप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून लॅबमध्ये तपासणं, लागते. या आजारातल्या जुन्या, मोठ्या चकतीत क्वचित कॅन्सर होतो, म्हणून ती नजरेखाली ठेवावी लागते.

पायाला काटा रुतला होता, तिथे आता चामखिळीसारखं वाढतंय. काय असेल?

हा प्रश्न शेतकऱ्यांसाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वावरात अनवाणी किंवा फाटक्या चपलेने काम करताना बाभळीचा काटा, पऱ्हाटीचं खुंट, बांबूची फास पायात जाते. काटा निघतो, माणूस विसरतो. मातीत आणि कुजक्या लाकडावर राहणारी काही काळी बुरशी त्या वाटेने आत शिरते आणि अनेक महिन्यांनी, कधी वर्षांनी पाऊल किंवा नडगीवर खरखरीत गाठ उगवते. हळूहळू फुलकोबीसारखी पसरते. याला क्रोमोब्लास्टोमायकोसिस म्हणतात. दुखत फारसं नाही, थोडी खाज येते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. बाहेरून ती चामखीळ वाटते, त्वचेचा क्षयरोग वाटतो, कधी कॅन्सरही वाटतो.

यंत्र लावल्यावर दिसतं ते असं: गुलाबी-पिवळसर पार्श्वभूमी, पांढरे पट्टे, आणि त्यावर विखुरलेले अगदी बारीक लालसर-काळे ठिपके. या ठिपक्यांवर नजर खिळवायची. शरीर बुरशीच्या पेशी आणि वाळलेलं रक्त कातडीतून बाहेर ढकलत असतं, त्याचेच हे ठिपके. म्हणजे बुरशी नेमकी कुठे सापडेल, ते शरीरच दाखवून देतं. ब्लेडच्या टोकाने तेच ठिपके खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर केओएचचा, म्हणजे कातडी विरघळवून बुरशी उघडी करणाऱ्या द्रावणाचा, थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. जाड भिंतीच्या, तांबूस-तपकिरी, मधून आडव्या-उभ्या रेघा गेलेल्या गोल पेशी दिसल्या की निदान झालं. गाठीवर कुठेही खरवडलं तर या पेशी हुकण्याची भीती असते. ठिपका पाहून खरवडलं तर सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. केओएच आणि सूक्ष्मदर्शक ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्येही असतात. ठिपके हेरणारी नजर तेवढी तिथे हवी.

उपचार लांबतो. इट्राकोनॅझोलसारख्या बुरशीवरच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, सोबत कधी गोठवण्याचा उपचार लागतो. लहान गाठ असेल तर पूर्ण कापून काढता येते. म्हणूनच ती लहान असताना यावं. पेरणी, निंदण, वेचणी संपल्यावर बघू म्हणता म्हणता दोन हंगाम जातात आणि गाठ घोट्यापर्यंत पोचते.

याच वाटेने पावलात शिरणारा दुसरा आजार म्हणजे मायसेटोमा. पाय सुजतो, छिद्रं पडतात, त्यातून पाण्यासोबत काळे, पांढरे किंवा लाल कण येतात. इथे यंत्रापेक्षा ते कण मोलाचे. पट्टीत कण दिसले तर ती फेकू नका, स्वच्छ डबीत घालून आणा.

अंगावर फिक्कट चट्टा आहे. कुष्ठरोग आहे का, हे या यंत्रावर कळतं का?

विदर्भाला हा आजार अनोळखी नाही. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. तरी चट्टा लपवण्याची सवय गेलेली नाही, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे नवे रुग्ण आजही सापडतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

कुष्ठरोगाचं निदान आधी हाताने होतं. चट्ट्यावर संवेदना आहे का, कोपराजवळची किंवा गुडघ्यामागची नस जाड झाली आहे का, आणि गरज पडल्यास त्वचेचा स्मिअर, म्हणजे त्वचेतला द्रव काचपट्टीवर घेऊन जंतू शोधणं. आशाताई डोळे मिटायला सांगून पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतात, ती तपासणी या यंत्राहून वरची आहे. यंत्राची मदत होते ती शंका असते तिथे. चेहऱ्याचं उदाहरण घ्या. चेहऱ्याला मज्जातंतूंचा पुरवठा इतका दाट असतो की चट्टा कुष्ठाचा असूनही स्पर्श कळतो. मुलाच्या गालावर फिक्कट डाग असेल तर तो कुष्ठाचा, की आपण ज्याला जंताचा डाग म्हणतो आणि ज्याचा जंतांशी काही संबंध नसतो तो, की कोड? कोडात रंगाची जाळी पूर्ण गेलेली असते आणि डाग लख्ख पांढरा दिसतो, आतले केस कधी पांढरे झालेले असतात. साध्या फिक्कट डागात बारीक कोंडा असतो, पण केस आणि घामाची छिद्रं जागच्या जागी असतात. कुष्ठाच्या चट्ट्यात जाळी तुटक होते, बारीक केस विरळ होतात आणि घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके कमी होतात. काही प्रकारांत पिवळसर-नारिंगी छटा येते, तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या जातात.

ही नारिंगी छटा नीट समजून घ्यायला हवी. अंतस्त्वचेत ग्रॅन्युलोमा, म्हणजे संरक्षक पेशींचा घट्ट पुंजका झाला की ती दिसते. कुष्ठरोगात दिसते, त्वचेच्या क्षयरोगात दिसते, सारकॉइडोसिस या असेच पुंजके करणाऱ्या आजारातही दिसते. यंत्र पुंजका आहे एवढं सांगतं, तो कशामुळे झाला ते सांगत नाही. नारिंगी रंग पाहून कुष्ठाच्या गोळ्या सुरू करणं किंवा टीबीच्या सुरू करणं, दोन्ही चूक. तो रंग दिसला की बायोप्सी करायची. निदान पक्कं झालं तर कुष्ठरोगाची एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, सरकारी केंद्रात मोफत मिळते, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. वेळेत सुरू झाली तर बोटं वाकडी होत नाहीत. शेजारीपाजारी काय म्हणतील या धास्तीने कोणी ती उशिरा घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तळपायावर काळा डाग आहे. "डॉक्टरसाहेब, कॅन्सर त नाही ना?"

बहुतेक वेळा नसतो. पण हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण मेलानोमा हा तिळासारखा दिसणारा कॅन्सर आपल्यासारख्या सावळ्या लोकांत एकूण कमी असला तरी होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथे कोणी रोज पाहत नाही.

अंगठ्याचा ठसा देताना ज्या रेघा उमटतात, तशाच तळपायावरही असतात: उंच कंगोरा, मग खाच, पुन्हा कंगोरा. कंगोऱ्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने मांडलेले दिसतात, त्यावरून कंगोरा कुठला नि खाच कुठली ते ओळखायचं. साध्या तिळात रंग बहुधा खाचांत उतरलेला असतो. मेलानोमात तो कंगोऱ्यांवर चढतो आणि पट्टे जाड, एकमेकांत मिसळलेले दिसतात. जपानी त्वचारोगतज्ज्ञ तोशियाकी साइदा यांच्या गटाच्या अभ्यासात तळहात-तळपायांच्या मेलानोमांपैकी सुमारे ८६ टक्क्यांत ही कंगोऱ्याची खूण होती आणि साध्या तिळांत ती जवळपास नव्हतीच. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: उरलेल्या मेलानोमांत ती नसते. म्हणून डाग ७ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल आणि त्याची ठेवण साध्या तिळासारखी नसेल, वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा फुटला असेल, तर कंगोरा दिसो न दिसो, तुकडा तपासावा.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. मेंदी किंवा केसांचा डाय लागला तर रंग कंगोऱ्यांवरच बसतो. बिब्याचं तेल लागूनही कातडी काळी पडते, गोडंबी फोडणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. नवी चप्पल घालून खूप चाललं की टाचेत रक्त साकळतं आणि ते लाल-काळे खडे मांडल्यासारखं दिसतं. मी आधी "काय लावलं होतं?" हे विचारतो आणि मग वरचा मृत थर ब्लेडने हलकेच खरवडतो. रंग त्याबरोबर निघून गेला तर काळजी मिटली.

कुरूप समजून काळा डाग घरी ब्लेडने कापू नका. पानपट्टीमागे बसणाऱ्या वैदूकडून जाळूनही घेऊ नका. नखात नवीन काळी पट्टी आली, ती रुंद होत चालली किंवा नखाच्या मुळाशी कातडीवरही काळं पसरलं, तर आठवड्यात दाखवा.

नाकाशेजारी किंवा डोळ्याखाली न भरणारी काळसर, चमकदार काठाची फोड असेल तर तो बेसल सेल कार्सिनोमा असू शकतो. यंत्राखाली निळे-राखाडी गोळे आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्या ठळक रक्तवाहिन्या दिसतात. हा दूर क्वचितच पसरतो, पण शेजारचं मांस खात जातो. शस्त्रक्रियेने बरा होतो.

यंत्र आहे तर मग तुकडा कशाला? तुकडा काढल्याने रोग पसरतो म्हणतात.

पसरत नाही. ही समजूत इतकी खोल रुतली आहे की तिच्यापायी लोक वर्षभर थांबतात आणि मग जे पसरलेलं दिसतं, ते थांबल्यामुळे असतं.

यंत्र वरचा थोडासाच भाग दाखवतं. खालचं पाहायला तुकडाच लागतो. बहुतेक वेळा तो ३-४ मिलिमीटरचा असतो, जागा बधिर करून घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. मेलानोमाची शंका असेल तर शक्य तिथे पूर्ण डागच काढतात. यंत्राचा मोठा उपयोग जागा ठरवण्यासाठी होतो. डिस्कॉइड ल्युपससारख्या, वण ठेवणाऱ्या चट्ट्यांच्या आजारात मध्यभागी नुसता वण उरलेला असतो, तिथला तुकडा घेतला तर रिपोर्ट निरुपयोगी येतो. जिवंत रोग कडेला असतो, आणि ती कडा यंत्राखाली दिसते. नागपूर-सेवाग्रामहून दुसऱ्यांदा तुकड्यासाठी बोलावणं आलं की रुग्ण बहुधा जातच नाही. पहिलाच तुकडा योग्य जागेचा असणं म्हणूनच इतकं गरजेचं आहे.

वांग जावं म्हणून क्रीम लावली, चेहरा आणखी काळा झाला. क्रीम आणखी वाढवू का?

नाही. क्रीम आधी थांबवा आणि दाखवायला या, ट्यूबसकट.

वांग घालवणाऱ्या बऱ्याच क्रीममध्ये हायड्रोक्विनोन असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे महिने ते ठीक, पण वर्षानुवर्षं लावलं तर काही जणांत ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे खोलवर निळा-काळा रंग साठतो. बाई समजते वांग वाढलं, म्हणून जास्त लावते, आणि जास्त लावल्याने रंग आणखी साठतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राखाली मात्र फरक कळतो. वांगात तपकिरी जाळी असते आणि केसांची छिद्रं मोकळी राहतात. ऑक्रोनोसिसमध्ये राखाडी-निळे, काळपट गोल ठिपके आणि कमानी दिसतात, त्या छिद्रंही बुजवतात. ऑक्रोनोसिसचा रंग मोठ्या मुश्किलीने कमी होतो, म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं. क्रीममध्ये स्टेरॉइडही असेल तर कातडी पातळ होऊन लाल, फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. अशा वेळी क्रीम एकदम बंद केल्यावर चेहरा काही आठवडे भडकतो. तो भडका पाहून पुन्हा तीच ट्यूब उघडू नका, डॉक्टरांना भेटा.

मुलाच्या डोक्यात चाई पडली. केस परत येतील का?

यंत्राखाली केसांची छिद्रं शाबूत दिसली तर आशा चांगली. चाईत टोकाला जाड आणि मुळाशी निमुळते होत गेलेले तुटके केस, काळे-पिवळे ठिपके दिसतात. मुलांमध्ये बुरशीनेही चट्टा पडतो, तिथे केस स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा पिळवटलेले असतात. या बुरशीला नुसतं मलम पुरत नाही, काही आठवडे पोटातून औषध लागतं. मोठ्यांमध्ये छिद्रंच पुसली जाऊन टाळू गुळगुळीत झाली असेल तर तिथले केस परत येत नाहीत. उरलेले वाचवायला मात्र घाई करावी लागते.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. डॉक्टर नखांच्या मुळाशी का पाहतात?

नखाच्या मुळाशी, कातडीच्या कडेला, केशवाहिन्या आडव्या झोपलेल्या असतात, त्यामुळे त्या पूर्ण लांबीत दिसतात. निरोगी माणसात त्या हेअरपिनसारख्या, एका ओळीत. स्क्लेरोडर्मा या आजारात, ज्यात कातडी घट्ट होते आणि पुढे फुप्फुसांवरही परिणाम होतो, काही केशवाहिन्या फुगून राक्षसी होतात, काही नाहीशा होतात, मध्ये रक्ताचे ठिपके दिसतात. कातडी घट्ट होण्याच्या पुष्कळ आधी हे बदल दिसू शकतात. शेतात काम केलेल्या हातांची कडा जाड असते, म्हणून अनामिका पाहावी, तिथे सहसा सगळ्यात स्वच्छ दिसतं. जेलचा थेंब भरपूर टाकावा. असे बदल दिसले तर रुग्णाला फिजिशियनकडे पाठवावं, नुसत्या हातमोज्यांवर भागवू नये.

तपासणीला येताना काय करावं?

हळद, तेल, पावडर, कुंकू, नेलपॉलिश काही लावून येऊ नका. हळदीने तर सगळंच पिवळं दिसतं. मलम दोन-तीन दिवस थांबवता आलं तर उत्तम, बुरशीचं मलम असेल तर अधिक दिवस लागतात. पोटातल्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून आणा.

मोबाईलवर फोटो पाठवला तर नाही चालणार?

पहिल्या सल्ल्यासाठी चालतो. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी बोलता येतं. फोटो तीन काढा: लांबून, म्हणजे अंगावर जागा कुठे ते कळेल, जवळून दिवसाच्या उजेडात, आणि यंत्र असेल तर त्यातून. शेजारी मोजपट्टी धरा. रुग्णाला विचारूनच काढा आणि गावाच्या ग्रुपवर चुकूनही टाकू नका. कुष्ठरोगाच्या शंकेचा एक फोटो फिरला की त्या घरात मुलीचं लग्न अडतं.

फोटो पाहून रोग सांगणाऱ्या ॲपवर मी अजून भरवसा ठेवत नाही. ती बहुतांशी गोऱ्या कातडीच्या चित्रांवर शिकलेली आहेत आणि चट्ट्याला हात लावून संवेदना तपासू शकत नाहीत.

आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात आहोत. आम्हाला हे शिकता येईल का?

येईल, आणि शिकावंच. यंत्र काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत मिळतं. सुरुवातीला साधं, दोन्ही उजेडांचं, मोबाईलला जोडता येणारं पुरे. आधी ओळखीच्या गोष्टी पाहा: खरुजेचं बीळ, उवांची लिख, चामखीळ, तीळ, कोड. रोजचं शंभर वेळा पाहिलं की वेगळं आपोआप डोळ्यात भरतं. प्रत्येक फोटोसोबत पुढे बायोप्सीत काय निघालं ते लिहून ठेवा, नाहीतर नजर तयार होत नाही. आणि यंत्र हातात आलं म्हणून संवेदना तपासणं, नस चाचपणं, बुरशीसाठी खरवडणं सोडू नका.

मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर कुठे जावं, काय न्यावं?

नागपूरला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो किंवा एम्स, वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगी, शिवाय यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली वैद्यकीय महाविद्यालयं. त्वचारोग विभागाची ओपीडी सकाळी असते, म्हणून पहिल्या एसटीने निघा. आधार कार्ड, रेशन कार्ड, पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, ट्यूबची पिशवी आणि मोबाईलमधले जुने फोटो सोबत ठेवा. डाग सहा महिन्यांपूर्वी केवढा होता, हे त्या फोटोंतून कळतं.

आधी कुठे बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबकडून काचपट्टी आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ते ब्लॉक म्हणतात, तोही मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाला त्यावर पुन्हा पाहता येतं, आणि पुष्कळदा नवा तुकडा काढायची वेळ येत नाही.